हद्दीचा खांब

ओढ्याच्या अलीकडं महापालिका,
पलीकडं जिल्हा परिषद,
मधोमध हा खांब,
सात वर्षं दिवा नसलेला.

चोरी झाली की आधी हद्द मोजायची :
राजारामपुरीची, की करवीरची?
तोवर गाडी कागलच्या पुढं.

मी वायरमन. बल्ब खिशात घालून
दोनदा आलो, दोनदा माघारी.
ऑर्डर नव्हती.
खाली पोरं बसायची, विडीचे ठिपके तेवढे दिसायचे.
बारड्यांच्या सुनेचं मंगळसूत्र इथंच तुटलं.
मणी सापडले थोडे,
वाट्या दोन्ही गेल्या.

यंदा दोन्हीकडचे साहेब
शाळेच्या खोलीत एकाच सतरंजीवर बसले.
चहा कुणाच्या खात्यातून, इथं जरा अडलं.
मग ठरलं :
खांब त्यांचा, वीज आमची,
खोली आमची, बाई त्यांच्या,
सहा ते नऊ, जो येईल तो पोरगा.

दिवा लागणार म्हटल्यावर
पोरं उठली, अंधार शोधत लांब गेली.
चौगुल्यांचा धैर्या तेवढा राहिला.
"जुना बल्ब मीच फोडलेला, काका.
आठ वर्षांचा होतो. नेम बघत होतो."
"लागला की नेम," मी म्हटलं,
"आता शिडी धर."

धरली त्यानं. हलू दिली नाही.

परवा बाईंच्या टेबलावर, हजेरीच्या वहीखाली,
कुणीतरी एक वाटी ठेवून गेलं.
एकच.
कुठल्या हद्दीत सापडली, कुणी विचारलं नाही.
नऊला लावायचं कुलूप
बाई हल्ली दहाला लावतात.