आधी शून्य

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
आबांचा लेथ जिथे होता
तिथे आता सहा मजली काच.
चौथ्या मजल्यावर, पडदे ओढून,
मी लोकांच्या हृदयातल्या जाळ्या मोजते.
आमच्या शेजारी त्याला स्प्रिंग म्हणतात.

नावं पुसून येतात माणसं.
शून्य चार सात. पुरुष. अठ्ठावन्न.
तारेच्या टोकाचा दिवा रक्तवाहिनीतून गरगरत मागे ओढलेला,
त्याच्या पाचशे चकत्या.
प्रत्येकीत एक काळं, थोडं चेपलेलं वर्तुळ
आणि काठाने चमकते ठिपके.

ठिपका दिसतो तेवढा धातू नसतो.
धातूवर आपटून परतलेला उजेड तो,
जरा फुगलेला,
आणि मागे सावली, तिच्यात काय आहे
हे कुणीच सांगू शकत नाही.
कर्सर ठिपक्याच्या मध्यावर ठेवायचा की आतल्या कडेला
यावर आमचा अख्खा मंगळवार गेला.

मी लिहिलं, दोन पॉइंट सात चार.
रुबीना मुकादमने, पलीकडच्या खोलीत, माझा आकडा न बघता,
दोन पॉइंट आठ एक.
एका केसाचं अंतर.
पंधरा दिवसांनी तीच चकती नंबर बदलून
माझ्याकडेच आली
आणि मी लिहिलं, दोन पॉइंट सात नऊ.
मग मंगळवारी
माझ्या खुर्चीत कोण बसलं होतं?

आबा व्हर्नियर उचलला की आधी
जबडे मिटून उजेडासमोर धरायचे.
फट दिसते का. रेघेवर रेघ बसते का.
"आधी शून्य बघ. शून्यच खोटं असेल
तर पुढचं सगळं खोटं,
आणि वर नीटनेटकं."
'साधारण' म्हणणाऱ्या पोऱ्याच्या हातात
त्याचंच बुशिंग परत यायचं, भंगारात टाकायला.
मीसुद्धा आधी कॅथेटरची कड चार खुणांना टेकवते,
मगच मोजते.
हे त्यांना कधी सांगितलं नाही.

मार्चमध्ये आबांना जाळी बसली, पाचपाखाडीत.
आतून बघायची तार वेगळी, तिचं बिल वेगळं.
फॉर्मवर दादाने 'नको'वर खूण केली,
मी त्याच्या शेजारी उभी होते.
डॉक्टरांनी नजरेनेच अंदाज घेतला, तीन बाय अठरा.
हात सराईत होता. आबा चौथ्या दिवशी घरी आले,
जिन्यात एकदाच थांबले.

काल भाकरी मोडता मोडता विचारलं,
"तुझ्याकडे तर मशीन आहे. माझी किती भरली?"
म्हटलं,
साधारण तीन.

काही बोलले नाहीत.
हात धुतले, कपाटातून
तेलकट फडक्यात गुंडाळलेला व्हर्नियर काढला,
जबडे मिटले
आणि ट्यूबलाइटसमोर धरला.
हात हलत होता.
फटीतून उजेड येत होता की नाही
ते मला बसल्या जागेवरून दिसलं नाही.