सोळावर ठेवलंय, तरी

एर्मोसियो, जुलै, दुपारचे सव्वातीन.
सावलीत सेहेचाळीस. सावलीसुद्धा
भिंतीला पाठ लावून बसलेली.

दोन्या रेफुहिओ दार उघडतात
आणि या-बसाआधी सांगतात,
"सोळावर ठेवलंय, तरी अंगाची लाही."
सगळे हेच सांगतात.
मी आता समजावत बसत नाही
की सोळा हा आकडा आहे, नवस नव्हे;
यंत्राला आपली घाई कळत नाही,
कुठं थांबायचं तेवढंच कळतं.

आधी शिडी. मग झाकण. मग जाळी.
जाळीवर राखाडी गोधडी :
वाळवंटाची माती, मांजराचे केस,
तव्यावरून उठलेला तेलकट धूर.
नळाखाली धरली तर पाणी
काळं, मग चहासारखं, मग पाणी.
पुसून बसवली. मोजलं.
आत जाणारी हवा एकतीस, येणारी सव्वीस.
पाचच अंशांचा फरक. दहा-बारा तरी हवा.
म्हणजे जाळी दोषी होती,
पण एकटी नव्हती.

मुलगा फोनवर आहे, तुसॉनहून,
टेबलावरच्या लिंबांशेजारी, स्पीकरवर.
"गॅस भरा. गॅसच संपला असणार."
गॅस म्हणजे काही दूध नाही, रोज थोडं लागणारं.
तो संपत नाही, पळतो;
आणि पळाला की वाटेवर तेलाचा डाग सोडून जातो.
मी सांध्यांना साबणाचा फेस लावते.
आम्ही तिघं –
त्या, मी आणि लिंबांशेजारचा आवाज –
एका बुडबुड्यासाठी श्वास रोखून.

नाही येत.

"तरी भरा," आवाज म्हणतो, "पैसे मी पाठवतो."
आजार म्हशीला, औषध पखालीला.

"बाहेरचं यंत्र कुठंय?"
दोन्या रेफुहिओंना एकाएकी ऐकू येईनासं होतं.
पुन्हा विचारलं.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागचं दार उघडलं.

लोखंडी पिंजरा. पिंजऱ्याला तीन कुलपं.
पिंजऱ्यावर ताडपत्री,
ताडपत्रीवर जुना गालिचा,
गालिच्यावर विटा.
दोन वर्षांपूर्वी शेजारच्या ओक्तावियानोंचं यंत्र
रात्रीतून गेलं, आतल्या तांब्यापायी.
सकाळी भिंतीवर उरले चार बोल्ट
आणि नळीचा एक तुकडा, पालीच्या तुटक्या शेपटीसारखा.
"दिसलंच नाही तर नेतील कसं?" त्या म्हणतात,
आणि या प्रश्नाचं उत्तर
माझ्या पेटीत नाही.

ताडपत्रीखाली हात घातला. भट्टी.
घरातली धग ओढून आणायची
आणि टाकायला जागा नाही;
आपलाच उच्छ्वास
पुन्हापुन्हा पोटात घेत
ते बिचारं धापा टाकत होतं.

दोन किल्ल्या त्यांच्या गळ्यात होत्या.
तिसरी निघाली फ्रीझरमधून,
वाटाण्यांच्या पिशवीतून.
देण्याआधी त्यांनी ती
क्षणभर गालाला लावली.

विटा उतरवल्या. गालिचा. ताडपत्री.
मागच्या पात्यांवर मातीचा लेप, तो हलक्या धारेनं धुतला,
जोरात धरलं तर पाती दुमडतात.
कपॅसिटरचं डोकं फुगलेलं,
वीज तोडून, त्यातला उरलेला झटका काढून, तो बदलला.
मग बटण दाबलं
आणि यंत्र न खाकरता सुरू झालं.

अर्ध्या तासानं : आत सत्तावीस, येणारी हवा पंधरा.
मी आकडे पावतीवर लिहून दिले.
खाली दोन रेघा मारून लिहिलं :
चारी बाजूंनी हवा खेळू द्या. झाकू नका.

त्यांनी ते दोनदा वाचलं.
पिंजऱ्याची तिन्ही कुलपं लावली, ओढून पाहिली.
मग स्वयंपाकघरातून खुर्ची आणली,
डोक्यावर ओला टॉवेल घेतला
आणि यंत्राच्या शेजारी, फाटकाकडं तोंड करून,
सेहेचाळीस अंशांत
बसल्या.

मी पेटी घ्यायला आत गेले.
खोली गार होत होती. पलंगावर मधोमध
मांजर लांबलचक पसरलेलं.
टेबलावर फोन अजून चालू होता.
"आई," तो विचारत होता,
"आता कसं वाटतंय?"