सहा हजार दोनशे चार

घोरण्याचं मला कधीच काही नव्हतं.
एकतीस वर्षं मी त्या आवाजाच्या कडेला झोपले,
रेल्वे यार्डाजवळची माणसं झोपतात तशी.
धास्ती असायची ती आवाज थांबला की.
मग अंधारात मोजायचे :
अकरा, बारा… एकोणीस…
सव्विसाला कोपर मारायचं, हे माझं माझं ठरलेलं.
वेन्डल दचकून हवा ओढायचा,
तळ्याच्या बुडातून कुणी वर फेकल्यासारखा,
आणि सकाळी कॉफी ढवळत म्हणायचा,
झकास झोप लागली.

मग काचेच्या गोदामात, भर दुपारी,
फोर्कलिफ्टवर त्याचा डोळा लागला.
फुटलं फार नाही. चार पेट्या.
पण टोलीडोत असली बातमी बर्फाच्या आधी पोचते.

अंगाला तारा चिकटवून एक रात्र निजवला त्याला :
तासाला एक्केचाळीस वेळा श्वास बंद.
मशीन नऊशे चाळीस डॉलर.
विमा आहे ना, म्हणाला काउंटरवरचा मुलगा,
फक्त आधी तुमच्या पदरचे तीन हजार संपायला हवेत.
आमच्या पदराला संपण्याइतकंही नव्हतं.

नाइटशर्टच्या पाठीला टेनिसचा बॉल शिवून पाहिला,
कुशीवर राहावं म्हणून.
तिसऱ्या रात्री बॉल कुत्र्याने पळवला.
‘तूच मोजत जा,’ वेन्डल म्हणाला, ‘तू फुकट मोजतेस.’
मी हसले नाही.

ऑक्टोबरात बर्फ उडवायचं यंत्र विकलं,
समोरच्या ओर्व्हिलला, दोनशे दहाला.
लॉन्ड्रीच्या फळ्यावर एक चिठ्ठी होती,
निळ्या शाईत, जुन्या शाळेतलं वळण :
झोपेचं मशीन, चालू, दोनशे. हलीना.

हलीनाने मशीन स्वयंपाकाच्या टेबलावर मांडून ठेवलेलं,
खाली विणलेला रुमाल.
वायर गुंडाळून तिला रबर लावलेलं.
एकशे साठ? मी विचारून पाहिलं.
‘दोनशे,’ ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही.
मग कपाटातून फिल्टरची न फोडलेली पाकिटं काढली,
शुद्ध पाण्याचा अर्धा कॅन,
आणि म्हणाली, मास्क मात्र नवा घ्या,
तो मी दिला नाही कुणाला.
तो कुठे आहे, हे आम्ही विचारलं नाही.

मास्क नवा, नळी नवी : अठ्ठ्याहत्तर.
नाताळच्या डब्यातली नाणी मोजून झाली.

क्लिनिकमधल्या पोरीने कागद बघून दाब बसवला,
स्क्रीन आमच्याकडे वळवली.
सहा हजार दोनशे चार तास.
‘आधीच्या माणसाचे आहेत. पुसून शून्य करू?’
वेन्डलने टोपी या हातातून त्या हातात घेतली.
‘राहू दे,’ म्हणाला, ‘गाडीचे मैल कुणी पुसतं का?’

पहिल्या रात्री तो हत्तीसारखा दिसत होता,
हे मी त्याला सांगितलं.
मास्कमधून काहीतरी म्हणाला,
एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं नाही.

दिवा घालवला. आणि काहीच नाही.
नुसती एक बारीक फुंकर,
कुणी दुसऱ्या खोलीत चहा निववत असावं तशी.
मी सवयीने मोजायला लागले.
सव्वीस गेला. कोपर उचललेलं तसंच राहिलं.
ऐंशी. दोनशे.
त्याच्या छातीवर तळहात ठेवला : वर, खाली, वर.
झोप त्याला लागली, जागी मी.

पाचला खिडकी पांढरी झाली.
बूट चढवले, फावडं घेतलं.
समोर ओर्व्हिल आमचंच यंत्र फिरवत होता,
फाटकापर्यंत आला, हात केला,
आणि रेघ मारल्यासारखा नीट वळून गेला.
त्याचंही बरोबरच. दोनशे दहा रोख दिले होते.
बर्फ ओला होता, फावड्याला जड.

आत आले तर वेन्डल अजून झोपेत,
मशीनवर हिरवा आकडा :
सहा हजार दोनशे अकरा.
पहिले सगळे लेनर्डचे
(नाव कॅनवर लिहिलेलं होतं, पुसट),
वरचे सात माझ्या माणसाचे.
हलीनाला फोन करावा असं वाटलं.
सहाही वाजले नव्हते.
ती जागी असणार, हे मला माहीत होतं.