कलम चौदा

अंबडला नटबोल्टच्या कारखान्याला लागून आमची शेड.
त्यांचा प्रेस आदळला की
सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी थरथरतात,
म्हणून मोजणी करायचो त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत.

रेणूला नाव नाही. नंबर: चारशे सतरा.
आधीचे चारशे सोळा नापास.
ते सगळे पाठ आहेत एकट्या पगारांना.
पगार हे आडनाव. तीन महिने पगार नव्हता
तेव्हाही विनोद त्यांनीच केला.

उंदरांत चाललं. सशांत चाललं.
माणसांपर्यंत जायला लागतात
तेवढे पैसे या शेडमध्ये मावत नाहीत.

स्वित्झर्लंडहून दोघं आले.
चहा नको म्हणाले, फ्रीझरचं तापमान विचारलं,
'लोडशेडिंग' हा शब्द दोनदा लिहून घेतला.

करार एकशे चाळीस पानांचा.
वकीलबाई म्हणाल्या, कलम चौदा नीट वाचा,
त्यांनी काम थांबवलं तर रेणू परत तुमचा.
परत म्हणजे कुठे?
तेव्हा ही शेड असेल?

भाऊ दिंडोरीला द्राक्षाची कलमं बांधतो.
डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी,
वरून पट्टी, मग पंधरा दिवस हात लावायचा नाही.
फोनवर म्हणाला,
खुंटाचं नाव पेटीवर कुणी छापत नाही, ताई.

सही केली.
पहिला हप्ता आला, पगारांचा पगार झाला.
कुप्या कोरड्या बर्फात बसून ओझरच्या विमानतळाकडे गेल्या.

संध्याकाळी पगार फ्रीझरचं दार धरून उभे,
वाफ त्यांच्या चपलांवर उतरत होती.
"मॅडम, चारशे सतराचा खण
मोकळा ठेवू ना?
कलम चौदा."