मागून नरसम्मा सांगते

अशोक चौकात सिग्नलला मी थांबलो,
मागचा टेम्पोही थांबला,
पण माझ्या नंबरप्लेटवर दोन बोटांचा पोचा ठेवून.
"काय बे, ब्रेक मारतोस तर सांगायचं की!
लाईट कुठाय तुझा?"

वळून बघितलं. मागं लाल दिवा होता की,
मंद, नेहमीसारखा.
पण तो नुसता असण्याचा दिवा,
थांबण्याचा वेगळा असतो
हे मला त्या टेम्पोवाल्याकडून कळलं.
गाडी माझ्याकडे येऊन सहा वर्षं झालेली.

रविवारी मल्लेशमचं शटर बंद.
मेहुण्याच्या लग्नाला सिरसिल्ल्याला गेलाय.
फोनमध्ये बँड वाजतोय, त्याच्यावरून ओरडून सांगतो,
"बल्ब काढ आधी! आत दोन तारा असत्यात,
बारीक आन् जाड. जाड बघ, तुटली असंल!"
तुटलेली होती. काच आतून काळी,
कंदील रात्रभर चढवून ठेवावा तशी.

कन्ना चौकातनं वीस रुपयांचा नवा आणला,
दाबून फिरवून बसवला.
आता पाय पुढं आणि डोळे मागं, हे कसं जमवायचं?
समोर उंबऱ्यावर नरसम्मा,
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा.
म्हटलं, बघा जरा. पेडल दाबतो.

"लेदु."

होल्डर काढला, गंज पॉलिश पेपरनं घासला,
पत्र्याला टेकणारी हिरवी वायर सोलून परत आवळली.
"लेदु."
हाताचा ब्रेक ओढला सहज, काही न ठरवता.
"वच्चिंदी!"
सोडला. ओढला.
"वच्चिंदी रा, वच्चिंदी!"
पाय दाबला.
"लेदु."

म्हणजे बल्ब बरा, वायर बरी, बॅटरी बरी,
खोट माझ्या उजव्या पायाशी.

उकिडवा बसून खाली वाकलो.
पेडलपासून स्विचपर्यंत एक स्प्रिंग असायला हवी,
तिथं नुसता आकडा, आणि त्याच्याभोवती
कारखान्यातलं पांढरं तूस,
तेलानं काळं होऊन घट्ट बसलेलं.
सहा वर्षांच्या सेकंड शिफ्टचा टॉवेल
माझ्या ब्रेकनं विणून ठेवलेला.

मल्लेशमचा फोन लागेना, जेवणाची पंगत असणार.
डब्याच्या पिशवीत तळाशी मागाची एक बारकी स्प्रिंग सापडली,
कधी खिशातनं घरी आली कुणास ठाऊक.
आमच्या मागाला हे येतं:
बाण्याचा धागा तुटला की जागच्या जागी गप्प.
सांगत बसत नाही कुणाला.
मागाच्या मागं कोण येतंय?

स्प्रिंग अडकवली. नट फिरवला, स्विच वर उचलला.
"वच्चिंदी."
पाय काढला.
ती काही बोलेना.
"काय झालं?"
"अरे आता जातच नाही की!
दिवसभर थांबलो थांबलो म्हणशील,
तर कोण खरं धरंल?"

अर्धा आटा मागं. आणखी पाव.
दाबला: वच्चिंदी. सोडला: लेदु.
दाबला, सोडला. काम झालं होतं,
तरी आम्ही दोघं पाच-सहा वेळा करत राहिलो.
तिच्या चष्म्यात लाल ठिपका यायचा, जायचा.

मग तिनं सुपात बघितलं आणि कपाळाला हात लावला.
कट्ट्याला पंचवीस विड्या.
मोजता मोजता ती कुठं होती,
अठराव्या का एकोणिसाव्या,
माझ्या ब्रेकमध्ये तिचा आकडा हरवला.

हात धुवून घे म्हणाली, विडीला तेलाचा वास चालत नाही.
साबणानं दोनदा धुतले.
उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर बसलो
आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं,
ती तेलुगूत,
मी मराठीत.