दहा पॉइंट एक

बॅटरीवर बारा पॉइंट चार.
दिव्याच्या तोंडाशी दहा पॉइंट एक.
मधलं जे गेलं
ते वायरीच्या हिरव्या पडलेल्या टोकांनी
अडतीस वर्षं थोडं थोडं खाल्लं होतं.

रायगोंडा मगदूम स्टुलावर बसून म्हणाले,
"दस्तगीर, रात्रीचं दिसंना झालंय.
धामणी रोडला उसाची ट्रॉली
पार नाकाला लागल्यावर कळली.
खर्चाचं बघू नको. पांढरा उजेड पाड."

गाडी काँटेसा. लांब नाकाची,
पुढं चार गोल दिवे,
बॉनेटखाली दोन माणसं झोपतील एवढी जागा.
कारखान्याच्या चेअरमनची होती, मगदूम तिचे ड्रायव्हर;
थकलेल्या पगारापोटी त्यांनी पैसे नाही, हिला मागितलं.
"निळी होती तवा," ते म्हणाले,
"आता उन्हानं काळी पडली बघ."
मी गाडीकडं बघितलं.
गिऱ्हाईकाशी रंगावरून वाद कशाला.

मागच्या लाल काचेला तडा,
त्यावर गणपतीच्या मखरातला जिलेटीन कागद
आणि चिकटपट्टी.
रिफ्लेक्टरचा पारा उडालेला,
आत एक मेलेला काजवा.
(काजवाच होता. पोराला दाखवला,
तो म्हणाला, मामा, ह्यानंच इतके दिवस भागवलं का?)

चार दिवस गेले.
जाड वायर थेट बॅटरीपासून ओढली,
दोन रिले बसवले, अर्थिंगचा गंज पॉलिश पेपरनं घासला,
नवे रिफ्लेक्टर मिरजेत मिळाले नाहीत, पुण्याहून मागवले.
इंडिकेटर आता दमेकऱ्यासारखा धापत नाही,
टक टक, सरळ बोलतो.

संध्याकाळी समोरच्या हळदीच्या गोडाऊनवर
पंचवीस फुटांवरून उजेड टाकला.
भिंतीवर माझ्या खडूच्या रेघा आहेत,
आजवर लावलेल्या प्रत्येक गाडीची एक.
चारही डाग रेघेवर बसले,
पोत्याच्या शिवणीतला सुतळीचा टाका दिसत होता.
मगदूम म्हणाले, "अजून पिवळाच की रं.
आणि भोवती हे कंकण कसलं?"

मी मीटर लावला. तेरा पॉइंट सहा.
पुन्हा लावला.
मग मीटर गुंडाळत, त्यांच्याकडं न बघता म्हणालो,
"काका, गाडीचं काम झालं.
आता मिरजेत डोळ्याच्या दवाखान्यात जावा."

किल्ली घेतली आणि गेले.
पैसे दुसऱ्या दिवशी नातवाकडून आले,
दोनशे कमी.
रस्त्यात दिसले तर हॉर्न नाही, काही नाही.

सव्वा महिन्यानं, दुकानात ट्यूब लावायच्या वेळेला,
काळा चष्मा कपाळावर चढवून आले.
गाडी दारात. ते तिच्याभोवती फिरले,
एकदा उजवीकडून, एकदा उलटे.
दारावरून तळहात फिरवला, हात नाकाशी नेला,
वास घेतला.

मग खिशातून घडी घातलेलं माझं बिल काढलं,
हात लांब धरून ओळीनं वाचलं.
वायर. रिले. रिफ्लेक्टर. मागची काच. मजुरी.
पाठीमागची बाजूही बघितली.

"दस्तगीर," आवाज चढला होता,
"ह्यात पेंटचे कुठं लावलेत?"