चतकोर

साठवणीच्या खोलीत, बीटच्या बरण्यांशेजारी
उर्मासने फळीवर जागा मोकळी केली आहे,
चाळीस बाय तीस. टेपने मोजून.

आता प्रोसेसर.

एक जुना, कुठल्याशा बँकेने टाकलेला:
अठरा कोर, किंमत दोन पोती बटाट्यांएवढी,
पण रिकामा बसला तरी नव्वद वॉट खातो,
आणि जानेवारीत सारेमा बेटावर
विजेचा भाव तासातासाला फिरतो.
दुसरा नवा. सहा कोरांचा, मितभाषी.
तुझ्यासारखा, लेइडा म्हणाली.

जेवणानंतर तो पाकिटाच्या पाठीवर
बिऱ्हाडं मांडतो, एका देहात कोण कोण राहणार:
हवामानाचं एक, त्याची भूक थोडी.
लेइडाच्या गायनमंडळाची तीस वर्षांची रेकॉर्डिंगं.
कॅमेरा, ज्याला फक्त कोल्हा दिसतो.
आणि तोइवोचा कॉम्प्युटर,
होता तसा उचललेला,
बोटीच्या डिझेलच्या हिशेबांसकट,
पडद्यावर अर्धा राहिलेला पत्त्यांचा डाव.

भावाच्या नावापुढे उर्मास लिहितो: एक कोर.
खोडतो. दोन.
खरं तर चतकोरही पुरला असता,
ते मशीन दिवसभर काहीच करत नाही,
नुसतं चालू असतं.

बेरीज सात येते.
पुन्हा करतो. सातच.

लेइडा ताटं विसळता विसळता वाकून बघते:
अरे, वाटून घेतील की.
सगळे एकदम कुठे जागे असतात?

खरंच. मग कॅमेऱ्याचा अर्धा कर,
गायनमंडळ रविवारीच उघडतं.
सहा पुरतील.

तोइवोचे दोन तो तसेच ठेवतो,
आणि पाकीट उलटं करतो,
तिला दिसू नये म्हणून.